एका प्रवाशाचं वजन, चुंगडीसकट

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या बॅगेत चार ड्रेस, दोन फायली, एक टॉर्च आणि न्हाणीघरात ठेवतात तसला काचेचा वजनकाटा होता. विमानतळावरच्या तपासणीत तो बाहेर काढायला लावला. तिथला जवान म्हणाला, "मॅडम, आठ दिवस वजन नाही केलं तर चालणार नाही का?" मागची रांग खुसखुसली. "माझं नाही हो, चंद्रपूर-गडचिरोलीचं करायचंय," असं मी सांगितल्यावर त्याने काटा निमूटपणे बॅगेत परत ठेवला. अशा लोकांशी वाद घालू नये असं त्यांना शिकवत असावेत.

आता खुलासा करायला हवा. मी हिशेबनीस आहे, पण किराण्याच्या दुकानाची नव्हे. एका प्रवाशाला एका गावाहून दुसऱ्या गावी उडवत न्यायला विमान कंपनीला किती खर्च येतो, हे गेली सतरा वर्षं मी काढते. लोकांना वाटतं यात काय मोठंसं? इंधन, वैमानिक, धावपट्टीचं भाडं यांची बेरीज करायची आणि खुर्च्यांनी भागायचं. पण बेरजेत विमान धुणाऱ्याचा साबणही येतो आणि टायरची झीजही येते. आणि भागाकार तर त्याहून नाठाळ. खुर्च्या नऊ असल्या म्हणून माणसं नऊ बसतीलच असं नाही.

यावेळचं विमान अगदी छोटं होतं, नऊ खुर्च्यांचं. एका कंपनीच्या मनात ते चंद्रपूरहून थेट पुण्याला न्यायचं होतं. छोट्या विमानाचं दुखणं असं की टाकी भरली की माणसं आणि सामान मिळून किती किलो घ्यायचं याला बांध पडतो. आमच्या तक्त्यातला प्रवासी चांगला खात्यापित्या घरचा असतो, शिवाय त्याच्या हातात पंधरा किलोंची बॅग असते. असे सातच बसतात. खर्च सातांनी भागला की तिकीट इतकं महाग होतं की विमान आणण्यात अर्थ नाही. नऊ बसले तर मात्र परवडतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता: सात की नऊ? आमचे मोठे साहेब म्हणाले, "तिकडची माणसं सडपातळ असतात म्हणे. जाऊन वजनं घेऊन या." मीही मनातून नऊच धरून होते. सतरा वर्षांत माझ्या बहुतेक अहवालांनी विमानं रद्दच केली होती. एकदा तरी एखादं आपल्या हातून उडावं असं फार वाटत होतं.

नागपूरहून बसने निघाले. दिवाळीला दोन आठवडे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटू लागला होता आणि सोयाबीनची काढणी चालू होती. पहिला मुक्काम भद्रावतीला. तिथे दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीबाहेरच्या बसथांब्यावर मी काटा मांडला आणि वही उघडली. पाच मिनिटांत रांग लागली. मला वाटलं, किती जागरूक नागरिक! पहिले गृहस्थ निवृत्त कामगार होते. ते काट्यावर चढले, उतरले, खिशातल्या किल्ल्या आणि पेन बायकोच्या हाती देऊन पुन्हा चढले. मग वाकून काट्याच्या चारी बाजू पाहू लागले.

"काय शोधताय, काका?"

"कारड कुठून निघते जी?"

तेव्हा उलगडा झाला. रेल्वे स्टेशनवरच्या जुन्या यंत्रातून वजनाबरोबर भविष्याचं कार्ड निघायचं, त्या कार्डासाठी ही रांग होती. कार्ड नाही म्हटल्यावर रांग विरघळू लागली. माझा नाइलाज झाला. पुढच्या बाईंचा आकडा लिहून घेतला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "प्रवासाचा योग आहे." त्या खूश झाल्या. त्यानंतर एकतीस जणांना मी प्रवासाचा योग सांगितला. एका तरुणाने लग्नाचं विचारलं, त्यालाही प्रवासच सांगितला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर. सकाळी नऊ वाजताच ऊन असं की पोह्यांवरची तर्री (तिखट लाल रस्सा) जास्त भाजते की आकाश, ते कळेना. बसस्थानकावर एका खांबाच्या सावलीत काटा ठेवला. एक बाई उभी राहिली: अठ्ठेचाळीस. ती उतरली, मी तिला योग सांगणार इतक्यात तिचा भाऊ म्हणाला, "हिचं सामान बी मोजा," आणि खांद्यावरची तांदळाची चुंगडी (लहान पोतं) त्याने तिथूनच काट्यावर सोडली. काच तडकली. आकडे दोनदा चमकले आणि विझले.

"तेहतीस किलो," मागच्या बाकावरून आवाज आला.

साठीच्या घरातला एक काटक माणूस होता. पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा, नाकावर कोरा करकरीत चष्मा.

"कशावरून?" मी चिडूनच विचारलं.

"पाहून," तो म्हणाला. "आन तुमी एकाहत्तर."

"चौसष्ट!"

"असान जी चौसष्ट. पण कवा?"

बाकावरचे सगळे हसले. मला राग आला, आणि हिशेबनिसाला राग आला की तो पुरावा मागतो. पार्सलच्या खोलीत हमालांचा मोठा काटा होता, त्यावर मी ती चुंगडी ठेवायला लावली. तेहतीस. मग नाइलाजाने स्वतः चढले. एकाहत्तर. हमाल म्हणाला, "काऊन झंझट करता मॅडम, थे लहानूभाऊ हायेत. धान खरेदी केंद्राचे मापारी. तीस वरसं झाले, आमचा काटा बिघडला का आमी त्यायलेच विचारतो."

मापारी म्हणजे शेतकऱ्याने आणलेलं धान मोजून देणारा माणूस. त्याच्या एका शब्दावर इकडे शेतकरी आणि तिकडे व्यापारी दोघेही टपलेले असतात, त्यामुळे त्याची जीभ सरळ असावी लागते. लहानूभाऊ सावलीजवळच्या एका खेड्यातले. चंद्रपूरला आले होते चष्म्यासाठी. नजरेने वजन सांगणाऱ्या माणसाला चष्मा लागावा याचं मला हसू आलं. ते म्हणाले, "चष्मा पेपर वाचाले. वजन पाहाले नाई लागत." खरेदी केंद्र सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते. मी त्यांना आठ दिवसांसाठी रोजावर घेतलं आणि कंपनीच्या कागदावर हुद्दा लिहिला: 'मोजणी सहायक'.

"पण हे काऊन मोजून राह्यल्या तुमी?" त्यांनी विचारलं. मी विमानाचं सांगितलं. सात आणि नऊचंही सांगितलं. त्यांच्या हातातला चहा निवला.

"चंद्रपुरातून पुण्याले? किती वेळ लागन जी?"

"अडीच तास."

"अडीच तास तं थे बसू शकन," ते स्वतःशीच म्हणाले.

'थे' म्हणजे त्यांची बायको सिंधूबाई. मग सगळं कळलं. एकुलती लेक करुणा पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलं. दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. इकडे सिंधूबाईंच्या मणक्याने दावा धरलेला, दोन-अडीच तासांच्या वर बसलं की पाय बधिर होतो. पुणं म्हणजे एक दिवस आणि एक रात्र बसून काढायची. एकट्याने जाऊन नात पाहून यायचं लहानूभाऊंना मान्य नव्हतं. "दोघं मिळूनच पाहू. मी पाहून आलो आन थे घरी बसली, हे काई बरं दिसते का?" असं त्यांचं म्हणणं.

तिथपासून सात-नऊचा प्रश्न माझ्या वहीतून उठून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

आम्ही मूल ओलांडून गडचिरोलीकडे निघालो. लहानूभाऊंची पद्धत अशी: बसस्थानकावर, बाजारात किंवा पानठेल्यावर ते नुसते उभे राहायचे आणि हलक्या आवाजात मला वजनं सांगायचे. मी लिहायचे. पहिल्या माणसाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. धान मोजताना पहिल्या मापाला तसंच म्हणायची रीत आहे. "लाभ, बावन्न. दोन, सत्तेचाळीस. तीन, थे खर्रा घोटून राह्यला न, त्रेपन्न." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहाताने घोटायचा प्रकार. या दोन जिल्ह्यांत माणूस बसची वाट पाहतो तेव्हा हात रिकामे ठेवत नाही. एका हवालदाराला मात्र कुणकुण लागली. "माह्याकडं पाहून काय लिवलं?" त्याने दरडावलं. लहानूभाऊ शांतपणे म्हणाले, "पंच्याऐंशी." हवालदाराने पोट आत घेतलं आणि निघून गेला.

गडचिरोलीपुढे सागवान सुरू झाला. आलापल्लीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता आणि झाडं दोन्ही लाल करून टाकली होती. माझ्या पांढऱ्या ओढणीचा पदर कुंकवाच्या डब्यात पडल्यासारखा झाला. एका वळणावर आमच्या बसला टायर बदलायला तासभर लागला. तेवढ्यात भोंगा लावलेली एक जीप 'आज रात्री तीन अंकी कौटुंबिक नाटक' असं ओरडत गेली, आणि आमचा वाहक टायर सोडून तिच्यामागे विचारायला धावला की हिरॉईन कोण आहे.

आलापल्लीच्या मुक्कामी मी बेरीज केली. माणसामागे सरासरी एकोणपन्नास किलो आणि वर बॅगेचे तक्त्यातले पंधरा. नऊ! आरामात नऊ! मी वही लहानूभाऊंपुढे नाचवली. जेवायला झाडीपट्टीचा, म्हणजे या जंगलपट्ट्याचा, वडाभात होता, गरम भातावर डाळीचे वडे कुस्करून वर फोडणीचं तेल. आनंदाच्या भरात मी तो दोनदा घेतला.

"आता मी त्र्याहत्तर झाले असेन," मी म्हटलं.

"बहात्तर," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "मॅडम, हे पंधरा किलोचं कोणं सांगतलं?"

"तक्त्यात आहे."

"तक्त्यातला माणूस लेकीच्या घरी जाते का मसनात? पंधरा किलोत काय नेते थो?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भामरागडला पोचलो तेव्हा पुराचं पाणी ओसरून महिना झाला होता, तरी पुलाच्या कठड्यात अडकलेला पालापाचोळा तसाच होता. तीन नद्या जिथे मिळतात तिथे आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. पाणी इतकं सावकाश चाललं होतं की पावसाळ्यात यानेच रस्ता गिळला होता यावर विश्वास बसेना. आठवडी बाजार भरला होता. एका माडिया आदिवासी आजीबाईंनी पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी पुढे केली. आंबट, तिखट, आणि अजून थोडी हलणारी. मी डोळे मिटून खाल्ली. चांगली लागली, हे प्रामाणिकपणे सांगते.

आजीबाईंचा नातू मराठी बोलत होता. त्याला मी म्हटलं, "आजीला विचारा, पुण्याला विमानाने जायचं झालं तर सोबत काय नेतील?" प्रश्न त्यांच्या माडिया बोलीत गेला आणि बाजारभर फिरला. दहाबारा बाया जमल्या. उत्तर बराच वेळ चाललं. नातवाने सारांश सांगितला: "ज्याच्या घरी चाललो त्याच्यासाठी तांदूळ. त्याच्या शेजाऱ्यासाठी थोडा तांदूळ. मोहफुलं, चिंच, चारोळी, एक कोंबडा. आन आजी विचारून राह्यली, एकटंच माणूस काऊन जाते? रस्त्यात बोलन कोणाशी?"

लहानूभाऊंनी जमलेल्या बायांची बाजाराला आणलेली गाठोडी एकेक करून उचलून पाहिली. "छत्तीस. एकेचाळीस. अडतीस." मी लिहीत गेले. मागचं सगळं डोळ्यांपुढे आलं. चंद्रपूरची ती तेहतीसची चुंगडी, प्रत्येक बसच्या टपावरची पोती, मांडीवरचे डबे. मी इतके दिवस माणसं मोजत होते आणि त्यांचं सामान माझ्या पायाशी पडलं होतं. इथला माणूस हलका आहे हे खरं, पण तो कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. देह एकोणपन्नास आणि चुंगडी चाळीस.

त्या घोळक्यात एका तरुण बाईच्या कडेवर तान्हं होतं. विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "याचं किती?"

लहानूभाऊंनी मान दुसरीकडे वळवली. "लेकराले पाहून तोलत नाई मी. लेकराचं वजन हातात घेऊनच सांगाव." बाईने बाळ पुढे केलं. त्यांनी दोन्ही तळहातांवर ते घेतलं, माप भरल्यासारखं एकदा अलगद खालीवर केलं आणि म्हणाले, "साडेपाच. चांगलं हाये." आई हसली. बाळ परत देताना त्यांचे हात क्षणभर तसेच पुढे राहिले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या घरी उतरलो. सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओसरीवर खाट. सिंधूबाई खाटेवर आडव्या होत्या, "जय भीम" म्हणत उठू लागल्या तर मीच थांबवलं. त्या मला आधीच ओळखत होत्या; नवऱ्याने फोनवर सगळं सांगितलं होतं, माझ्या एकाहत्तरासकट.

खाटेखाली चुंगडी तयार होती. विमान येणार म्हटल्यावर बाईंनी भरायला घेतली होती. नवीन हलक्या (लवकर पिकणाऱ्या) धानाचा तांदूळ, लाखोळीची डाळ, जवस, मोहफुलांचे लाडू, बाळंतिणीसाठी डिंक, बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या.

"सांगा, किती?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

लहानूभाऊंनी चुंगडी उचलली. खाली ठेवली. मला वाटलं ते काहीतरी कमी सांगतील. मनातून मीच म्हणत होते, पंधरा म्हणा, वीस म्हणा, मी लिहून टाकते.

"त्रेचाळीस," ते म्हणाले.

मी वही मिटली. "लहानूभाऊ, ऐका. अहवाल मी लिहिणार आहे. बॅगेचे पंधरा किलो हे तक्त्यात छापलेलेच आहेत, मी काही पदरचं घालत नाही. सामान मोजायला मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. नऊ लिहिते. विमान येईल. तुम्ही दोघं नात पाहाल."

लहानूभाऊंनी नवा चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तीस वरसं मापारी हावो मी. धान मोजताना मी काट्यावर अंगठा दाबला तं एखादा कास्तकार रडन. विमानात अंगठा दाबला तं थे वरून खाली येईन. त्यात कोणाची तरी पोट्टी असन. आमचीच असन एखाद्या वेळी. खरं लिवा."

"बरोबर बोलते थो," सिंधूबाई म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकदम आलं. विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "मग रेल्वेने झोपून का नाही जात? बर्थ मिळतो की."

सिंधूबाई झटक्यात वळल्या. "लोकायसमोर पडून जावं का जी? समोर चार परके मानसं बसून, आन मी आडवी! करुणा बी बर्थचंच सांगते. मेल्यावर नेतात तसं मले जिवंतपणी नाई जायाचं."

त्यांचा शब्द इतका ठाम होता की मी मुकाट्याने चहा प्यायले.

निघताना त्या म्हणाल्या, "विमान नाई तं नाई. तुमी तं जाऊन राह्यल्या नं पुण्याले? थोडंसं घेऊन जान का?" माझ्या तिकिटावर पंधरा किलो सामान चालत होतं. लहानूभाऊंनी माझी बॅग उचलली. "साडेबारा. यातलं काय ठेवता?" फुटका काटा काढला. मुंग्यांच्या बाजारात चिखलाने माखलेले बूट काढले. कोऱ्या तक्त्यांची फाईल काढली. त्यांनी बॅग पुन्हा उचलली, मग चुंगडीतून मुठीमुठीने तांदूळ, चार लाडू, एक गोधडी असं काढत बॅगेत भरलं. मधेच एक लाडू परत काढला, डाळीची अर्धी मूठ घातली आणि म्हणाले, "झालं. पंधरा."

नागपूरच्या विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. पडद्यावर आकडा आला: १५.०. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वा मॅडम, घरून मोजून आणलीत वाटतं." मी म्हटलं, "हो, मापाऱ्याकडून."

पुण्यात उतरले ती तडक करुणाकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दोरीवर लंगोट. तिने गोधडी नाकाशी धरली. मग बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि बाळ फोनपुढे धरलं. लहानूभाऊंचा अर्धा चेहरा आणि अख्खा चष्मा दिसत होता.

"बाबा, सांगा बरं किती हाये?" ती म्हणाली.

"नाई."

"अंदाजानं सांगा नं."

"हातात घेतल्याबिगर सांगत नाई," ते म्हणाले, आणि फोन सिंधूबाईंकडे गेला. त्या खाटेवर पडूनच होत्या. तोंडावर ओढलेला पदर जरा बाजूला करून त्यांनी नात पाहिली. पदर! मी कपाळावर हात मारला. सतरा वर्षं आकाशात हिशेब केले की माणूस रूळ विसरतो.

"सिंधूबाई," मी फोनपुढे तोंड घातलं, "रेल्वेच्या वरच्या वर्गात प्रत्येक बर्थला पडदा असतो. ओढून घेतला की आत कोण बसलंय, कोण झोपलंय, कुणाला दिसत नाही."

तिकडून प्रश्न आला, "जाड असते का पडदा?"

"जाड असतो."

"मंग पाहू," त्या म्हणाल्या. बापलेक दोघंही गप्प राहिले, कारण त्या घरात 'पाहू' म्हणजे 'हो'.

अहवालात मी सात लिहिलं. साहेबांनी विचारलं, "तिकडचे लोक इतके जाड आहेत?" मी म्हटलं, "नाही, त्यांना नातेवाईक आहेत." विमान आलं नाही. 'मोजणी सहायक' या नावाखालचा आठ दिवसांचा रोज मात्र कंपनीने बिनतक्रार मंजूर केला, आणि त्यात पडदेवाल्या दोन बर्थचं तिकीट बसलं. म्हणजे कंपनीने त्या जिल्ह्यातून दोन प्रवासी पुण्याला आणलेच, फक्त आगगाडीने.

नागपूरपर्यंत दोघं बसने, दर तासाला उतरून, चालून, एका भाच्याकडे मुक्काम करून आले. पुणे स्टेशनवर करुणा बाळाला घेऊन आली होती, मीही गेले होते. गाडीतून आधी चार चुंगड्या उतरल्या, मग लहानूभाऊ, मग कंबरेला हात लावून सिंधूबाई. "पडदा चांगला व्हता," त्यांनी पहिलं वाक्य मला सांगितलं.

करुणाने बाळ बापाच्या तळहातांवर ठेवलं. त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्यात खोचला. मुलीला एकदा अलगद खालीवर केलं. मग पुन्हा केलं. हमाल येऊन चुंगड्यांचं विचारू लागला, त्याला मी थांबवलं. चंद्रपूरचं पोतं खांद्यावरून पडतापडता ज्याने तोललं होतं तो माणूस आकडा सांगेना.

"किती, बाबा?" करुणाने विचारलं.

त्यांनी तिसऱ्यांदा हात हलवून पाहिले.

"नाई कळून राह्यलं," ते म्हणाले.

"कसं कळन? हात पाहा कसे कापून राह्यले तुमचे," सिंधूबाई म्हणाल्या. "द्या इकडं."

पण त्यांनी बाळ लगेच दिलं नाही.